‘सेट’चे अर्थ कोणी मोजले?

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, हा प्रश्नमंजूषेतला जुना हुकमी प्रश्न. त्याचे उत्तर अनेक वर्षे ‘सेट’ असे होते. १९८९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तीत या एवढ्याशा क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द लागले आहेत, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी कादंबरीएवढा मजकूर. २०११ पासून उत्तर बदलले. आता ‘रन’ पहिला, अर्थ ६४५. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, तसेच हेही, असे आपण धरून चालतो. डोंगर आधीपासून उभाच होता, कोणी तरी जाऊन मोजला. पण याच कोशाच्या पहिल्या आवृत्तीला १९३३ साली जो इतिहास जोडला, त्यात ‘सेट’चे मुख्य विभाग १५४ सांगितले आहेत. शेवटच्या एका विभागाला, म्हणजे ‘सेट अप’ला, इतके पोटविभाग की रोमन वर्णमाला संपून अक्षरे पुन्हा दुहेरी वापरावी लागली. दुसऱ्या आवृत्तीतली नोंद बव्हंशी तीच जुनी नोंद आहे. तिच्यातले जोडक्रियापदांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ धरून मोजणारे ५८० हा आकडा सांगतात. डोंगर एकच, आणि उंच्या तीन.

मोजणारे चुकले असे मला म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते असे की, सामान्य क्रियापदाच्या अर्थांची संख्या हा त्या क्रियापदाचा अंगभूत गुण नसतो. कोश तयार करण्याचा जो धंदा इंग्लंडात गेली चारशे वर्षे चालला आहे, त्याची ती कमाई आहे. वाचक कोण, कागद किती, पैसा कुणाचा, नोंदींचा क्रम कसा, कामाला सुरुवात कुठल्या अक्षरापासून, या सगळ्यांचा हात त्या आकड्याला लागलेला असतो. ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’, ‘पुट’ यांच्या अर्थांचा इतिहास लिहायचा तर शब्दांइतकेच त्यांना चिमट्यात धरून पाहणाऱ्या माणसांविषयीही लिहावे लागते.

पहिली गोष्ट अशी की, सुरुवातीच्या इंग्रजी कोशांत ही क्रियापदे नव्हतीच. रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ साली इंग्रजीचा पहिला एकभाषिक कोश छापला. त्यात जेमतेम अडीच हजार शब्द होते, आणि तेही ‘अवघड’. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच यांतून आलेले शब्द लॅटिन न शिकलेल्यांना, त्यातही स्त्रियांना, समजावेत हा त्याचा उघड सांगितलेला हेतू. ‘जाणे’, ‘घेणे’, ‘ठेवणे’ यांचा अर्थ कोणाला हवा होता? पुढचे जवळजवळ शतकभर हाच शिरस्ता चालला. कॉकरम, ब्लाउंट वगैरे मंडळींनी अवघड शब्दांच्या राशी वाढवत नेल्या आणि सोप्या शब्दांकडे ढुंकूनही पाहिले नाही. १७०२ साली जॉन केर्सीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोशाने रोजच्या वापरातले शब्द आत घेतले, पण त्यामागे शुद्धलेखनाची सोय हाच मोठा विचार होता. शब्द आले, अर्थ आले नाहीत. १७२१ चा नेथन बेलीचा कोश घरोघर गेला, पण त्यातही अशी क्रियापदे थोडक्यात आटपलेली असत.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळ देणारा आहे. एकभाषिक कोशांच्या कितीतरी आधी, १४४० च्या सुमारास, नॉरफोकमधल्या एका ख्रिस्ती साधूने मुलांसाठी इंग्रजी–लॅटिन शब्दसंग्रह केला होता. त्यात साधी क्रियापदे आहेत, कारण तिथे प्रत्येक वापराला लॅटिन प्रतिशब्द शोधायचा होता. इंग्रज मुलाला घरातल्या क्रियापदाचे एकच रूप दिसत होते. लॅटिन समोर आल्याबरोबर त्याच रूपाला दोन-तीन वेगवेगळे प्रतिशब्द लागायला लागले आणि त्या एका शब्दाला फाटे फुटले. म्हणजे सोप्या क्रियापदाचे अर्थ दिसायला ते परक्या नजरेने पाहावे लागते. आतून पाहणाऱ्याला ते अखंड दिसते.

ही परकी नजर इंग्रजीतच उभी राहून मिळवता येते का, याचा पहिला मोठा प्रयोग सॅम्युएल जॉन्सनने केला. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी १७४६ साली १,५०० गिनींवर त्याच्याशी करार केला. तीन वर्षांत काम पुरे करतो, असे तो म्हणाला होता. कोश बाहेर पडला एप्रिल १७५५ मध्ये. गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक, त्यांपैकी पाच स्कॉटिश, आणि समोर पुस्तकांचा ढीग. जॉन्सन वाचता वाचता हवे ते वाक्य पेन्सिलीने खुणावत जाई, लेखनिक ते उतरवून घेत. आधी आराखडा ठरवून त्यात वाक्ये बसवायची अशी त्याची सुरुवातीची कल्पना होती. ती मोडली. वाक्ये इतकी आणि अशा तऱ्हांची निघाली की आखलेल्या चौकटीत ती मावेनात, आणि काम नव्याने मांडावे लागले. या नव्या मांडणीचे फळ म्हणजे ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ आणि त्यांना लागलेली पाच मोठी पाने. बेलीच्या काळापासून या काळापर्यंत इंग्रजी भाषा काही तीस-चाळीस वर्षांत एवढी बदलली नव्हती. बदलली ती कोशकाराच्या टेबलावरची सामग्री.

जॉन्सनची प्रस्तावना वाचताना जाणवते की, या प्रकाराने तो स्वतःच अस्वस्थ झाला होता. बेअर, ब्रेक, कम, कास्ट, गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न, थ्रो अशी नावे घेऊन तो कबुली देतो की या क्रियापदांचे अर्थ मूळ कल्पनेपासून इतके दूर ओढले गेले आहेत की त्यांचा माग काढणे आणि त्यांना हद्दी घालणे अवघड आहे. गंमत अशी की पंधरा-सोळा क्रियापदांची ती यादी आजही तशीच्या तशी वापरता येते. आपल्या भाषेतली खरी अडचण अवघड शब्दांत नसून सोप्या शब्दांत आहे, हे लक्षात यायला इंग्रजी कोशकारांना कॉड्रीपासून दीडशे वर्षे लागली.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. जॉन्सनने १३४ अर्थ शोधले, निर्माण केले नाहीत. दुर्बीण आली म्हणून गुरूचे चंद्र दिसले, याचा अर्थ दुर्बिणीने चंद्र घडवले असा होत नाही. तुलना आकर्षक आहे, पण ती टिकत नाही. दोन माणसांनी तीच दुर्बीण लावली तर चंद्र तितकेच दिसतात. तीच वाक्ये दोन कोशकारांपुढे ठेवली तर अर्थांचे आकडे जुळत नाहीत. औषध घेणे, सल्ला घेणे, किल्ला घेणे, सूड घेणे हे ‘घेणे’चे चार अर्थ की एकाच अर्थाची चार कर्मे? जॉन्सन अनेकदा कर्म बदलले की अर्थाचा नवा क्रमांक देतो. दुसरा कोणी देणार नाही. वाक्ये खरी आहेत, ती वापरणारी माणसे खरी आहेत. रेघ मात्र कोशकार ओढतो.

शंभर वर्षांनी हा धंदा पुरता बदलला. १८५७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या भाषाशास्त्र मंडळापुढे रिचर्ड ट्रेंच या धर्मोपदेशकाने तेव्हाच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, तिचा टीकाकार नव्हे, असा त्याचा मुद्दा. प्रत्येक शब्द केव्हा जन्मला, कसकसा वळत गेला, हे अवतरणांनी दाखवायचे, आणि अवतरणे गोळा करायला शेकडो स्वयंसेवक वाचक कामाला लावायचे असे ठरले. प्रत्येक अवतरणाला वेगळी चिठ्ठी, वर कोपऱ्यात शब्द, खाली साल, ग्रंथ आणि वाक्य. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्येच वारला. नंतर फर्निव्हलच्या हाती काम रेंगाळले. १८७९ साली मिल हिल शाळेतला स्कॉटिश शिक्षक जेम्स मरे संपादक झाला, तेव्हा त्याच्या ताब्यात सुमारे दोन टन चिठ्ठ्या आल्या. त्या ठेवायला त्याने शाळेच्या आवारात पन्हाळी पत्र्याची खोली बांधून घेतली आणि तिच्यात हजारभर कप्पे केले.

कप्पे भरायला लागल्यावर मरेला जे आढळले ते या इतिहासातले मला सर्वांत बोलके वाटणारे प्रकरण आहे. ‘अब्यूजन’ या मरून गेलेल्या, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या शब्दाच्या चिठ्ठ्या पन्नासच्या घरात होत्या. ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. वाचकांचा दोष नव्हता. वाचताना डोळा अडखळतो तो अनोळखी शब्दावर. ‘सेट’ किंवा ‘पुट’ पानापानावर असतात म्हणूनच दिसत नाहीत. मरेने १८७९ मध्ये नवे आवाहन छापले त्यात साध्या शब्दांकडेही लक्ष द्या, असे बजावून सांगावे लागले, आणि पुष्कळ साध्या शब्दांची अवतरणे त्याला व त्याच्या मदतनिसांना स्वतः बसून शोधावी लागली. म्हणजे ऑक्सफर्डच्या या महाकोशातल्या क्रियापदांच्या अर्थांचा पसारा आपोआप साचलेला नाही. मुद्दाम, उलट दिशेने जोर लावून, तो उभा केलेला आहे. जिथे जोर लागला तिथे अर्थ वाढले.

‘सेट’ची नोंद केली हेन्री ब्रॅडली याने. हा ब्रॅडली आधी शेफिल्डमधल्या चाकू-सुऱ्यांच्या एका पेढीत वीस वर्षे पत्रव्यवहाराचा कारकून होता. कोशाचा १८८४ चा पहिला भाग वाचून त्याने एका साप्ताहिकात परीक्षण लिहिले, ते इतके मर्मग्राही होते की मरेने त्याला कामात ओढले आणि पुढे तो दुसरा संपादक झाला. ‘एस’ हे अक्षर इंग्रजी कोशातले सर्वांत मोठे, आणि त्याचा पहिला तुकडा ब्रॅडलीच्या वाट्याला आला. चिठ्ठ्यांचे गठ्ठे टेबलावर पसरायचे, एकसारख्या दिसणाऱ्या वाक्यांच्या गड्ड्या करायच्या, त्या टाचणीने अडकवायच्या, मग गड्ड्यांचा वंशवृक्ष जुळवायचा, म्हणजे कुठला वापर कुठल्या वापरातून निघाला हे सालांवरून ठरवायचे. एकेका सामान्य क्रियापदाला असे आठवडेच्या आठवडे जात. वर ऑक्सफर्ड छापखान्याच्या विश्वस्तांचा तगादा. वेब्स्टरच्या कोशाच्या एका पानामागे आपली पाने किती होतात, याचा हिशेब ते ठेवत आणि पसारा आवरा म्हणून संपादकांच्या मागे लागत. कोणती गड्डी स्वतंत्र अर्थ म्हणून छापायची आणि कोणती दुसरीत मिसळून टाकायची, या निवडीवर त्या हिशेबाची सावली पडली नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

ब्रॅडलीच्या गड्ड्या कशा असतील याचा अंदाज मराठी वाचकाला चांगला करता येतो. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. उपनिषद, परिषद, संसद या शब्दांत जो ‘सद्’ धातू आहे, त्याचाच हा दूरचा युरोपीय भाऊबंद. मराठीतले ‘बसणे’ आले ‘उप’ आणि ‘विश्’ यांच्यापासून, त्यामुळे रक्ताचे नाते नाही, पण वळणे थक्क करण्याइतकी सारखी आहेत. आपण मोडलेले हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, गाण्याला चाल बसवतो, कारभाराची घडी बसवतो. इंग्रज या सगळ्याला ‘सेट’च म्हणेल. आपण गणपती बसवतो आणि नाटक बसवतो, तिथे मात्र त्याची वाट वेगळी होते. उलट मावळणारा सूर्य, गोठणारी जेली, मांडलेले टेबल, लावलेला सापळा, काढलेली प्रश्नपत्रिका, जुळवलेले छपाईचे खिळे यांनाही तो ‘सेट’ लावतो, आणि आपल्याला दर खेपेला वेगळे क्रियापद शोधावे लागते. आता ‘बसवणे’चे अर्थ किती, असे मराठी माणसाला विचारले तर तो बहुधा एकच सांगेल, आणि हाड व नाटक यांच्यात त्याला काहीच अंतर वाटणार नाही. इंग्रजाला ते दोन शब्द आहेत.

हीच गोष्ट मुंबई इलाख्यात प्रत्यक्ष घडली. जेम्स मोल्सवर्थ याने पंडितांच्या आणि कँडी बंधूंच्या मदतीने १८३१ मध्ये मराठी–इंग्रजी कोश छापला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यातले ‘लागणें’ उघडून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, ताक आंबट लागते, पोर रडू लागते आणि आपल्याला जावे लागते. मोल्सवर्थने याला क्रमांक घालून अर्थांची उतरंड रचली, कारण इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळी शब्दयोजना करणे भाग होते. मराठी बोलणाऱ्यांनी ही उतरंड तोवर पाहिलेली नव्हती, आणि तिची गरजही त्यांना पडली नव्हती. उलट बाजूने, मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी–मराठी कोश मेजर थॉमस कँडी याने १८४७ साली पुरा केला. मराठीला विरामचिन्हांची सवय लावण्यात ज्याचा हात होता, तोच हा कँडी. मरेच्या पत्र्याच्या खोलीला तेव्हा अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. ‘रन’ला मराठीत धावणे, वाहणे, चालणे, चालवणे, पळून जाणे असे प्रतिशब्द देताना कँडीच्या हातून इंग्रजी क्रियापदाचेही तुकडे पडत होते. पण ते मराठीने ठरवलेल्या जागी पडत होते. नदी वाहते आणि नाक वाहते, दोन्हींना इंग्रजी ‘रन’, दोन्हींना मराठी ‘वाहणे’, म्हणून तिथे चिरा पडला नाही. ऑक्सफर्डच्या संपादकाने तिथे कदाचित दोन क्रमांक घातले असते.

आता विक्रमांकडे परत येऊ. ‘सेट’चा विक्रम एकदम ‘रन’ने मोडला असे नाही. २००० साली ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’. हे तीन शब्द ओळीने वाचले की काही तरी खटकायला हवे. एम, पी, आर. विजेते वर्णानुक्रमाने येत आहेत! कारण साधे आहे. तिसऱ्या आवृत्तीसाठी कोशाची फेरतपासणी ‘ए’पासून सुरू न करता ‘एम’पासून सुरू केली गेली. आरंभीच्या अक्षरांच्या वेळी मरेची पद्धत अजून स्थिरावलेली नव्हती, म्हणून मधून सुरुवात करणे सोयीचे होते. तपासणी जसजशी पुढे सरकली तसतसे ज्या क्रियापदापर्यंत ती पोचली ते फुगत गेले, आणि ‘एस’ची पाळी येण्याआधी ‘आर’मधल्या ‘रन’ने शिखर गाठले. पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’वर सुमारे नऊ महिने घालवले. त्याच्यापुढे विसाव्या शतकाचा सगळा छापील आणि संगणकीय साठा होता. ब्रॅडलीपुढे टाचणीने अडकवलेल्या चिठ्ठ्या होत्या. या दोघांच्या नोंदी एका तराजूत घालून कोणते क्रियापद मोठे हे ठरवणे म्हणजे १८८१ ची एका शहराची खानेसुमारी आणि २०११ ची दुसऱ्या शहराची खानेसुमारी शेजारी ठेवून कोणत्या शहराला पोरे जास्त होतात हे सांगण्यासारखे आहे.

यावर एक देखणे उत्तर दिले जाते. ‘सेट’ हे ठेवण्याचे, स्थिर करण्याचे क्रियापद, शेतीवाडीच्या आणि कारागिरीच्या संथ इंग्लंडातले. ‘रन’ हे गतीचे क्रियापद, आणि वाफेच्या इंजिनापासून संगणकापर्यंत यंत्रयुगाने त्याला नवे नवे वापर दिले. म्हणून ‘रन’ जिंकला, काळाने त्याला जिंकवले. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. इंजिन ‘रन’ होते, आगगाड्या ‘रन’ होतात, आज्ञावली ‘रन’ करतात, कारखाना ‘रन’ करतात. जिथे ब्रिटिश उमेदवार निवडणुकीला ‘स्टँड’ म्हणजे उभा राहतो, तिथे अमेरिकन उमेदवार ‘रन’ म्हणजे धावतो. नवे वापर आले यात शंका नाही. पण याच युगाने ‘सेट’लाही घड्याळाचा गजर, यंत्राचा काटा, चित्रपटाचे कथास्थळ असे वापर दिले, आणि २०११ च्या तुलनेत ते पुरते मोजलेच गेले नव्हते. युगाचा आत्मा क्रियापदात उतरला ही कल्पना सुंदर आहे, पण त्याआधी संपादकांच्या कामाचे वेळापत्रक पाहिलेले बरे.

दुसरा आक्षेप उलट टोकाकडून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. रेघ कोशकारच ओढत असेल, तर मग क्रियापदाला खरे पाहता एकच अर्थ असतो असे का म्हणू नये? चार्ल्स रूल या अमेरिकन भाषाभ्यासकाने नेमके हेच म्हटले. ‘बेअर’, ‘हिट’ अशा क्रियापदांचा एकेक अर्थ अगदी व्यापक, जवळजवळ कोरा असतो आणि बाकीचे सारे भोवतालच्या शब्दांतून येते, असा त्याच्या पुस्तकाचा दावा. पुस्तक प्रसिद्ध झाले १९८९ मध्ये, म्हणजे ‘सेट’चे ४३० अर्थ छापले गेले त्याच वर्षी. एकाच वर्षी एकाने एक म्हणावे आणि दुसऱ्याने चारशे तीस, असे ज्या मोजणीत होते तिचे एकक अजून ठरलेले नाही, हे मान्य करायला हवे. पण ‘एक’ हे उत्तरही मोजणाऱ्याच्या सोयीचेच आहे. व्यापक अर्थ जितका कोरा करावा तितका तो कशालाही लागू पडतो आणि कशाचाच उलगडा करत नाही. ‘बसवणे’ म्हणजे ‘एखादी गोष्ट योग्य स्थितीत आणणे’ असे सांगून नाटक बसवणे हा प्रयोग परक्या माणसाला कळणार नाही.

आणि रेघ कुठे ओढली याने माणसे तुरुंगातही जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली एक प्रश्न आला. अमली पदार्थांच्या व्यापाराच्या गुन्ह्यात कोणी बंदूक ‘कॅरी’ केली तर किमान पाच वर्षांची जादा शिक्षा, असा कायदा होता. पिस्तूल गाडीच्या कुलूपबंद कप्प्यात होते. हे ‘कॅरी’ झाले का? मराठीत हे कलम लिहायचे तर ‘जवळ बाळगणे’ की ‘घेऊन जाणे’ हे आधीच ठरवावे लागेल आणि निकाल भाषांतरातच लागून जाईल. इंग्रजीत तो पाच विरुद्ध चार मतांनी लागला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन ब्रायर यांनी ऑक्सफर्डच्या कोशात ‘कॅरी’चा पहिला अर्थ गाडीतून वाहून नेणे असा दिला आहे याचा आधार घेतला आणि तोच मुख्य अर्थ मानला. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दुसरे कोश आणि दुसरी अवतरणे पुढे केली. पण मरेच्या कोशात पहिला म्हणजे मुख्य नव्हे, पहिला म्हणजे जुना. ‘कॅरी’ हा शब्द ‘कार’च्याच घराण्यातला, मध्ययुगीन फ्रेंच छकड्यातून आलेला, म्हणून छकडा वर बसला. ट्रेंचने १८५७ मध्ये कोशकाराला इतिहासकार केले, त्याचा एक परिणाम दीडशे वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये असा भोगावा लागला.

अर्थांच्या कालानुक्रमाला बाजूला सारणारा प्रयत्न बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी केला. संगणकात लाखो शब्दांचे चालू इंग्रजी साठवून त्यांनी १९८७ मध्ये कोबिल्ड हा कोश काढला. नेहमीचा वापर आधी, क्वचितचा नंतर. आश्चर्य असे की ‘टेक’सारख्या क्रियापदांच्या वापरांत हाताने धरणे हा आपल्याला पहिला आठवणारा अर्थ मागे राहिला, आणि ‘टेक अ लुक’सारखे वापर पुढे आले, ज्यांत क्रियापदाने आपला अर्थ जवळजवळ सोडून दिलेला असतो आणि सगळे वजन नामावर पडते. आपल्या ‘मारणे’चे हेच झाले आहे. गप्पा मारणे, चक्कर मारणे, शिट्टी मारणे, फोन मारणे यांत कोणाला मार बसत नाही. या वाटेने गेले की ‘क्रियापदाचे अर्थ किती’ हा प्रश्नच सैल पडतो, कारण अर्थ शब्दात न राहता त्याच्या सोबतीत राहतो.

सोबतीचे हे महत्त्व संगणकाच्या कितीतरी आधी टोकियोत कळले होते. १९३० मध्ये केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेनने ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. क्रियापदे अवघी १८, कारण ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांना शब्दयोगी अव्ययांची जोड दिली की बाकीची क्रियापदे लागतच नाहीत असा त्याचा हिशेब. शब्द कमी झाले खरे, पण शिकणाऱ्याचे ओझे अर्थांत लपून बसले. जॉन्सनने प्रस्तावनेतच इशारा दिला होता की परदेशी माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे अशी जोडक्रियापदे. टोकियोत हॅरल्ड पामर आणि त्याच्यामागून ए. एस. हॉर्नबी जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत ते नेमके या ओझ्याच्या शोधात होते. कोणते क्रियापद कोणत्या शब्दांबरोबर येते, त्याच्यामागे वाक्याची कोणती बांधणी लागते, याचे त्यांनी नमुने पाडले. हॉर्नबीने हे नमुने घेऊन दोन सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीचा वेगळा कोश केला. तो छापला टोकियोतल्या कैताकुशा या प्रकाशनाने, १९४२ साली, जपान आणि ब्रिटन यांचे युद्ध चालू असताना. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या छापखान्याने पुन्हा छापला. याच छापखान्याच्या विश्वस्तांनी एके काळी ब्रॅडलीच्या पानांचा हिशेब मागितला होता.